रुखवतात मांडलेला पोचा

मी एका ट्रकच्या चाकाचे बोल्ट मोजले, म्हणून माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न मोडायला आलं होतं.

हे वाचून तुम्ही गोंधळला असाल, तर काळजी करू नका. आम्ही सगळेच गोंधळलो होतो. मुलीकडचे, मुलाकडचे, मांडववाला, आणि लग्न लावायला आलेले बौद्धाचार्यसुद्धा!

आधी माझी ओळख करून देतो. मी अविनाश, बेंबळीचा, बी.एस्सी. आमच्या घराण्यात कॉलेजच्या पायऱ्या चढलेला पहिला माणूस. (त्या पायऱ्या बांधायला आमच्यातले बरेच जण गेले होते. चढून वर्गात जाऊन बसलेला मी पहिला.) धाराशिवला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात गाड्या बनवतो. खेळण्यातल्या नव्हे! हे आधीच सांगून टाकतो, कारण हे सांगण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलंय. मी हुबेहूब गाड्या बनवतो. खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे माझा अर्धा इंच. खऱ्या गाडीत जे आहे ते सगळं माझ्या गाडीत असतं, आणि जे नाही ते नसतं.

सुरुवात मी रेसच्या गाडीनं केली होती. मोठ्या हौसेनं ती आईपुढं ठेवली.

"ह्याला टप कुठंय?"

"नसतो आई. रेसची गाडी आहे."

"आन् शीट एकच?"

"एकच."

"मग बाकीच्यांनी कसं जायचं?"

"बाकीचे जात नाहीत. एकच माणूस जातो."

"कुठं जातो?"

"कुठं नाही. गोल गोल फिरतो आणि निघाला तिथंच परत येतो."

आईनं थोडा वेळ गाडीकडं बघितलं आणि मग बराच वेळ माझ्याकडं. "ह्याच्यापायी बी.एस्सी. केलास व्हय रं?"

तेव्हापासून मी ट्रककडं वळलो. ट्रक आमच्याकडं सगळ्यांना कळतो. माझ्या ट्रकची चाकं जुन्या स्लिपरच्या रबराची, डिझेलचे पाइप संपलेल्या रिफिलचे, आणि चाकाचे बोल्ट मोहरीचे. हो, फोडणीतली मोहरी! एकेक दाणा चिमट्यानं उचलून डिंकानं बसवायचा आणि वरून रंग द्यायचा. दुनियेतला कुठलाच कारखाना इतका अचूक बोल्ट बनवत नाही. (आमच्या घरात त्या काळात फोडणी कमी आणि बोल्ट जास्त होते. आई एक स्लिपर घालून दुसरी शोधत असायची, तेही त्याच काळात.)

तर आमच्या मनीषाचं लग्न ठरलं. मुलगा माकणीचा, सागर. स्वतःचा ट्रक, खडी वाहतो. स्वभावानं गरीब, बोलायला कमी. वडील तात्या मात्र बोलायला जास्त. आमच्या मामानं स्थळ आणलं, पसंती झाली, सगळं कसं सुरळीत चाललं होतं. चालू द्यायचं होतं. पण मला रुखवताची कल्पना सुचली.

रुखवतात काय काय मांडतात ते तुम्हाला माहीत आहे. लोकरीचं तोरण, टिकल्यांचा मोर, थर्माकोलचा बंगला. दहा लग्नांतून तोच मोर फिरतो. मी ठरवलं, आपल्या बहिणीच्या रुखवतात मधोमध नवरदेवाचा ट्रक मांडायचा. त्याचाच! नंबर प्लेटसकट! आणि मांडेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही, मनीषालासुद्धा नाही. फक्त आईला माहीत होतं, कारण मोहरी तिची होती.

एका रविवारी लोहाऱ्याला कामाचं निमित्त काढलं आणि वाटेत माकणीला उतरलो. सागर घरी नव्हता, पण ट्रक अंगणात उभा होता. विटका पिवळा, खडीच्या धुळीनं पांढरा पडलेला, बाजूच्या लोखंडी फाळक्यांवर गंजाचे ओघळ. काय सांगू तुम्हाला, इतकी सुंदर गाडी मी आजवर पाहिली नव्हती! जयभीम-पाणी झालं आणि मी खिशातून टेप काढला.

"पाव्हणं, काय मोजायलाव?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही तात्या. सहज."

मी बंपर मोजला. तात्यांनी बंपरकडं बघितलं. मी चाकाचे बोल्ट मोजले. तात्यांनीही वाकून मोजले. मी गाडीखाली शिरलो, तसे तात्या गुडघ्यावर बसले.

"खाली काय हाय?"

"स्प्रिंगचे पाटे बघतोय."

"हायेत की पाटे!"

"किती आहेत ते बघतोय."

"लागतंय तेवढं हायेत!" तात्यांचा आवाज चढला.

मग मी बाहेर येऊन सगळ्या बाजूंनी फोटो काढले. फक्त मागचा उजवा कोपरा राहिला, कारण तिथं तात्या टेकून उभे होते.

"तात्या, जरा सरकता का?"

"हितं काय न्हाय."

"तेवढाच कोपरा राहिलाय."

"सांगायलोय न्हवं, हितं काय न्हाय म्हणून!"

शेवटी घरातनं कुणीतरी त्यांना हाक मारली आणि मला तो कोपरा सापडला. आणि काय कोपरा होता! चांगला परातीएवढा पोचा, आणि त्या पोच्यात एक लांब ओरखडा. निळा म्हणावा तर हिरवट, हिरवा म्हणावा तर निळा. असा रंग मी जन्मात बघितला नव्हता. मी त्याचे जवळून पाच-सहा फोटो घेतले.

निघताना सागरची आई, शांतामावशी, चहा घेऊन आल्या. गेटचं एक दार मोडून सुतळीनं बांधलेलं होतं, त्याकडं बोट करून म्हणाल्या, "कुण्या मेल्या टेम्पोवाल्यानं धडक दिली अन् पळाला बघा. म्या रोज शिव्या देते त्याला." एवढ्यात तात्यांना जोराचा ठसका लागला. चहा गरम असेल, असं मला वाटलं.

मी बेंबळीला पोचायच्या आत मामाचा फोन घरी पोचला होता. बाबांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला होता.

"दाजी, तुमी ट्रक तपासायला माणूस पाठवला म्हणं!"

"कुणाचा ट्रक?"

"जावयाचा!"

"म्या कशाला तपासू? मला सायकलीचं पंक्चर कळंना!"

"मग अविनाश कशाला गेल्ता?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "मी सहज बघितला."

"सहज?" फोनमधून मामा किंचाळला. "तात्या म्हणायलेत, पाठीवर झोपून बघितला!"

आई डोळ्यांनी खुणावत होती, सांगून टाक म्हणून. पण मी बी.एस्सी. माणूस. एकदा गुपित ठेवायचं ठरवलं की ठरवलं. बाबांना वाटलं मामाचा काहीतरी घोळ आहे, मामाला वाटलं बाबांचा काहीतरी डाव आहे, आणि तात्यांना काय वाटलं ते आम्हाला पुढच्याच रविवारी कळलं. तात्या स्वतः आमच्या दारात!

"पोरगी देताना पोराची चौकशी करत्यात, मान्य हाय," खुर्चीवर बसता बसता तात्या म्हणाले. "आमी गाडी दाखवली. आता आमाला बी बघायचंय."

"बघा की," बाबा गोंधळून म्हणाले. "काय बघायचंय?"

"पाव्हण्यांची डिग्री."

माझी डिग्री भिंतीवर फ्रेम करून लावलेली आहे, दारातून आत आलं की पहिली दिसेल अशी. तात्यांनी ती उतरवली. समोरून बघितली. उलटी करून मागून बघितली. उजेडात धरली. शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग मांडीवर ठेवून वितीनं मोजली!

"दीड वीत," तात्या म्हणाले.

"तात्या, डिग्री कशाला मोजताय?"

"काय न्हाय पाव्हणं. सहज."

(खरं सांगायचं तर मला जरा बरंही वाटलं. माझ्या डिग्रीकडं इतकं बारकाईनं तोपर्यंत कुणीच बघितलं नव्हतं. नोकरी देणाऱ्यांनीसुद्धा नाही.)

एवढ्यावर फिटंफाट झाली असं आम्ही धरलं. पण नंतर मनीषाचं तोंड उतरलेलं दिसायला लागलं. सागर तिला रोज सकाळी फोटो पाठवायचा. दुसरी पोरं स्वतःचा पाठवतात, हा ट्रकचा पाठवायचा. ते फोटो यायचे बंद झाले.

"गाडी कुठंय विचारलं, तर म्हणतेत तात्यांनी सांगू नको म्हणलंय," मनीषा रडवेली होऊन म्हणाली.

आता आमच्याकडं घोर सुरू झाला. गाडी विकली का काय? का गाडी त्यांची नव्हतीच? बाबांनी मामाला माकणीला पिटाळलं. मामा संध्याकाळी परत आला आणि ओसरीवर मटकन बसला.

"अंगणात गाडी न्हाय, दाजी. तेलाचा डाग तेवढा हाय."

"केवढा डाग आहे?" मी सवयीनं विचारलं.

त्यावर बाबा मला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

घरात असं वातावरण, आणि मी आतल्या खोलीत ट्रकवर शेवटचा हात फिरवत होतो. ट्रक बनवणं सोपं असतं. अवघड असतं ते तो वापरलेला दिसणं. विटेची पूड करून गंज केला. खडूची पूड फुंकून खडीची धूळ केली. चहाच्या पाण्यानं ओघळ काढले. पोचा तर असा साधला की बघणाऱ्यानं हात लावून बघावा. आणि तो ओरखडा! त्याचा रंग जुळवायला माझा आठवडा गेला. एकदा मी चहाला उठलो, परत येतो तर आई ओल्या फडक्यानं फाळका पुसत होती.

"आई! काय करतेस!"

"आरं, किती घाण झालाय. लग्नात मांडायचा न्हवं?"

"ती घाण नाही आई, ते काम आहे!"

आईनं फडकं ठेवलं. पण पुसलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला नंतर फार वाटलं.

लग्नाचा दिवस उजाडला. विहारासमोर मांडव, लोक पांढऱ्या कपड्यांत, बौद्धाचार्य वेळेआधी हजर. मी सकाळीच रुखवताच्या मधोमध ट्रक मांडला होता आणि त्याच्यापुढं स्वतःच्या हातानं लिहिलेली पाटी: 'नवरदेवाची गाडी, जशी आहे तशी. कलाकार: अविनाश, बी.एस्सी.' (बी.एस्सी. जरा मोठ्या अक्षरात. जागा होती म्हणून.)

वऱ्हाड आलं. पुढं जीप आणि मागं ट्रक. ट्रक बघून आमच्याकडच्यांचा जीव भांड्यात पडला आणि माझा घशात आला. लालभडक! आरशासारखा चकचकीत! गोंडे, झिरमिळ्या, फाळक्यांवर कमळाची फुलं! गंज नाही, धूळ नाही, पोच्याचं तर नामोनिशाण नाही. तात्या पुढच्या सीटवरून फेटा सावरत उतरले आणि खास माझ्याकडं येऊन म्हणाले, "पाव्हणं, आता मोजा!"

म्हणजे माझ्या मोजण्याच्या धसक्यानं तात्यांनी अख्खी गाडी नवी करून घेतली होती. आणि आत रुखवतात मी त्यांची जुनी गाडी गंजासकट मांडून ठेवली होती. 'जशी आहे तशी.'

मी पळत आत गेलो. ट्रकपुढं रुखवताचे लाडू रचले. बायकांनी ते उचलून जागेवर ठेवले. वर लोकरीचं तोरण टाकलं. बायकांनी ते झटकून काढलं. "आवो, सगळ्यात देखणी वस्तू तीच हाय, झाकायलाव कशाला?" तोवर तात्या आलेच.

तात्यांनी नंबर प्लेट वाचली. मग पाटी वाचली. मग त्यांची नजर मागच्या उजव्या कोपऱ्यावर गेली आणि चेहरा बाहेरच्या ट्रकच्या रंगाचा झाला.

"ह्याच्यापायी मोजलं व्हय? आमच्या गाडीचं पोचं चार लोकांत मांडायला?"

"तात्या, गैरसमज होतोय. ही कला आहे," मी घाईघाईनं म्हणालो. "हा गंज मी मुद्दाम लावलाय."

"मुद्दाम! ऐकलं का रे सगळ्यांनी? मुद्दाम लावलाय म्हणतेत!"

"म्हणजे धूळसुद्धा मुद्दामच..."

मामानं माझ्या तोंडावर हात ठेवला. पण उशीर झाला होता. तात्या मांडवाबाहेर जाऊन खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. "आधी आमच्या अब्रूचं बोला. मग गाथा म्हणा." बाबा हात जोडून उभे राहिले. आमचे बाबा आयुष्यभर कुणापुढं वाकले नाहीत, मला शिकवताना त्यांनी तेच शिकवलं, आणि आज माझ्या सव्वा फुटाच्या ट्रकपायी ते उभे होते. माझी मान वर होईना. विहारातल्या खोलीच्या दारातून पांढऱ्या साडीतली मनीषा बघत होती.

"दादा, काय केलंस रे?"

"ट्रक केला."

"तुला मोर जमत नव्हता का?"

एवढ्यात कुणीतरी सागरला बोलावून आणलं. तो ट्रकपुढं उकिडवा बसला. बोटानं फाळका हलवला. केबिनमध्ये डोकावला. सायलेन्सरला त्यानंच बांधलेली तार दिसली, तसा तो हसला. लग्न ठरल्यापासून मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघत होतो.

"तात्या, माझी गाडी ही हाय," तो म्हणाला. "बाहेर उभी हाय ती कुणाची हाय ते मलाच कळंना. परवा चहा पिऊन आलो अन् दुसऱ्याच्याच गाडीला किल्ली लावत बसलो." मग त्यानं हाक मारली, "आई, हे बघ! तू आरशाला बांधलेली चिंधी बी हाय!"

शांतामावशी कौतुकानं पुढं आल्या. चिंधी बघितली, चाकं बघितली, बघत बघत मागच्या उजव्या कोपऱ्याशी आल्या आणि थांबल्या. खऱ्या ट्रकचा तो कोपरा कायम तात्यांच्या पाठीमागं असायचा. इथं तो नाकासमोर होता.

"पाव्हणं, ह्यो रंग तुमी मनानं लावला का गाडीला व्हता?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण माझ्या कामावर शंका!

"मावशी, मी मनानं काहीच लावत नाही! आठवडा गेला तो रंग जुळवायला. निळ्यात हिरवा घातला, मग थोडा पांढरा. असा रंग बाजारात मिळतच नाही!"

"कसा मिळंल?" मावशी हळूच म्हणाल्या. "ह्यांनी उरलेलं दोन डबं घरी मिसळून गेट रंगवलं. अख्ख्या माकणीत तसलं दुसरं न्हाय."

सगळ्यांच्या माना बाहेरच्या खुर्चीकडं वळल्या. मावशी पदर खोचत मांडवाच्या तोंडाशी गेल्या.

"अवं, टेम्पो व्हता न्हवं?"

तात्यांनी मांडीवरचा फेटा उचलून डोक्यावर ठेवला. उलटा.

"लग्नाची वेळ झाली का न्हाय?" ते ताडकन उठले. "बौद्धाचार्य कुठंयत? लोकांना किती ताटकळत ठेवायचं? पोरीला आणा, गाथा म्हणा!"

"म्या वरीसभर टेम्पोवाल्यांना शिव्या दिल्या!"

"अगं, मागनं बोलू!"

"धडक बी मागनंच दिली न्हवं?"

त्यानंतर आमच्याकडचं लग्न जितक्या झटपट लागलं तितकं पंचक्रोशीत कुणाचं लागलं नसेल. तात्या स्वतः पाहुण्यांना फुलं वाटत होते, स्वतः पंगती बसवत होते, आणि कुठंही थांबत नव्हते, कारण थांबले की मावशी गाठत होत्या. जेवताना बौद्धाचार्यांनी मला बाजूला घेतलं. "नेमकं काय झालं होतं हो? लग्न कशावरून अडलं आणि कशावरून सुटलं?" मी म्हणालो, "एका पोच्यावरून." ते म्हणाले, "अडलं का सुटलं?" मी म्हणालो, "दोन्ही."

तो ट्रक आता माकणीला मनीषाच्या घरी काचेच्या कपाटात आहे. तात्या येता-जाता त्याचा मागचा उजवा कोपरा भिंतीकडं करतात, आणि मावशी येता-जाता तो पुन्हा लोकांकडं करतात. बाहेरचा खरा ट्रक खडी वाहून वाहून पुन्हा पहिल्यासारखा पांढराफटक झाला आहे आणि सागर खूश आहे.

आता घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू आहेत. मुलीकडच्यांनी चौकशीसाठी कुणाला विचारावं? तात्यांना! तात्यांनी सांगितलं, "पोरगा एक नंबर हाय. शिकलेला हाय, डिग्री खरी हाय, म्या स्वतः मोजली. फक्त त्याला घरातलं काय बारीक बघू दिऊ नका."

मला ते पटलं. अख्ख्या गाडीचा बोल्ट न् बोल्ट मोजला, रंगाचा थेंब न् थेंब जुळवला, आणि त्याच रंगाच्या गेटला टेकून मी चहा पिऊन आलो तरी माझ्या लक्षात आलं नाही. असल्या माणसानं न मोजलेलंच बरं. परवा मुलगी बघायला गेलो, तेव्हा टेप मुद्दाम घरी ठेवला. त्यांच्या दारात ट्रॅक्टर उभा होता, तिकडं मी ढुंकूनही बघितलं नाही. शपथ!

(पुढच्या डाव्या चाकाला बोल्ट एक नवा आहे, आणि मडगार्डला पोपटी रंग लागलाय. त्यांचं दारसुद्धा पोपटीच आहे, पण त्याचं मला काय?)